आपल्या आवाजाने टीम जिंकते का? आणि आपल्याच अपेक्षांनी हरते का?

साइडलाइन
बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

टीम जिंकली की आपण सगळे छाती फुगवून सांगतो की स्टेडियम पेटलं होतं, पब्लिकने मॅच खेचून आणली. हरली की मात्र प्लेयर ढेपाळले, कोचला हाकला, मालक चिक्कू. म्हणजे जिंकण्यात आपला वाटा आणि हरण्याशी आपला काही संबंधच नाही, हे मला पटत नाही. ओरडण्याने प्लेयरच्या अंगात बळ येत असेल तर त्याच ओरडण्याने त्याचे पाय जडही होणार.

७ मे २०१९ घ्या. चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, लिव्हरपूल दोनपैकी पहिली लेग बार्सिलोनाकडे ३-० हरून आलेली, सलाह नाही, फर्मिनो नाही, आणि घरच्या ॲनफिल्डवर ४-० मारले. चौथा गोल आठवा, ट्रेंट अलेक्झांडर-अरनॉल्ड कॉर्नरवर बॉल ठेवून निघाल्यासारखं करतो, पटकन मागे वळतो, मारतो, बार्सिलोनाच्या अर्ध्या लोकांचं लक्षच नाही आणि ओरिगी मोकळा. एवढी मोठी टीम तिथे भांबावली होती हे टीव्हीवरसुद्धा दिसत होतं.

आता २७ मे २०२३. डॉर्टमुंडला घरच्या मैदानावर माइन्झला हरवायचं, बास, जर्मनीची लीग त्यांची. अकरा वर्षांनी. ऐंशी हजारांवर लोक, ती पिवळी भिंत म्हणतात तो दक्षिणेचा स्टँड खचाखच, त्यात एकट्यात जवळपास पंचवीस हजार उभे राहतात. पंचविसाव्या मिनिटाच्या आत ०-२, मधे हालरची पेनल्टी अडवली गेली. कशीबशी २-२ झाली, आणि तिकडे कोलोनला बायर्नच्या मुसियालाने ८९व्या मिनिटाला गोल मारला, पॉइंट सारखे, गोलफरकावर बायर्न चॅम्पियन.

दोन्हीकडे आवाज कमी नव्हता. माझ्या मते फरक एवढाच की ॲनफिल्डला लोक काहीही गृहीत धरून आले नव्हते, लढा म्हणत होते. डॉर्टमुंडला ट्रॉफी मनात आधीच उचलून झाली होती. प्लेयरला हे कळतं असं मला ठाम वाटतं. तुमचं काय मत?

आकडेकर
चांगला धागा. पण दोन मॅच घेऊन काही सिद्ध होत नाही, उलटी उदाहरणंही तेवढीच सापडतील. सुदैवाने (कारण कोविडचं, म्हणजे वाईट होतं, पण तरी) आपल्याकडे एक अख्खा सीझन आहे ज्यात जवळपास पब्लिकच नव्हतं.

२०२०-२१ ची प्रीमियर लीग. ३८० मॅच, घरच्या टीम जिंकल्या १४४, पाहुण्या टीम जिंकल्या १५३, बाकी ८३ ड्रॉ. इंग्लंडच्या टॉप डिव्हिजनच्या इतिहासात पाहुण्यांनी घरच्यांपेक्षा जास्त मॅच जिंकल्या असं त्याआधी कधीच झालं नव्हतं. एरवी घरची टीम साधारण ४५-४६ टक्के मॅच जिंकते, तिथे ३८ वर आली. मैदान तेच, ड्रेसिंग रूम तीच, प्रवास तोच, फक्त माणसं काढून घेतली.

पण आता दुसरी बाजू. युएफाने (युरोपची फुटबॉल संघटना) २०२१ मधे अवे गोलचा नियम (दोन लेग मिळून बरोबरी झाली तर बाहेरच्या मैदानावर जास्त गोल मारणारा पुढे) काढला तेव्हा त्यांनी स्वतःच आकडे दिले होते. सत्तरच्या दशकाच्या मध्यात त्यांच्या स्पर्धांत घरच्या टीम ६१ टक्के आणि पाहुण्या १९ टक्के मॅच जिंकायच्या, ते तोपर्यंत ४७ आणि ३० वर आलं होतं. म्हणजे स्टेडियम भरलेली असतानाही घरच्या मैदानाचा फायदा हळूहळू घटतच होता. चांगली मैदानं, सोपा प्रवास, कॅमेरे, नंतर व्हीएआर (व्हिडिओ रेफरी), सगळ्याचा हात असणार. आवाज तर काही अर्ध्यावर आलेला नाही.

आणि खरा मुद्दा हा की आवाजाचा परिणाम नक्की कोणावर होतो. २००२ मधे एक अभ्यास आला होता, चाळीस रेफरींना लिव्हरपूल-लेस्टर मॅचची एकच टेप दाखवली, काहींना आवाजासकट, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या टीमविरुद्ध साधारण १५ टक्के कमी फाउल दिले. पाहुण्यांविरुद्ध जास्त दिले असंही नाही, घरच्यांना सोडून दिलं. शंका आली की हात शिट्टीकडे जात नाही, इतकं साधं आहे ते. स्पॅनिश लीगचा २००५ चा अभ्यास आहे, घरची टीम एका गोलने मागे असेल तर इंज्युरी टाइम जास्त, पुढे असेल तर कमी. जर्मनीत तर असं दिसलं की ज्या स्टेडियममधे मैदान आणि स्टँडच्या मधे धावण्याचा ट्रॅक आहे तिथे हा पक्षपात कमी होतो, म्हणजे पब्लिक जितकं लांब तितका रेफरी शांत.

तेव्हा आपण ओरडतो प्लेयरसाठी, पण त्याचा बराचसा परिणाम रेफरीवर होतो असं माझं मत.

डावा विंगर
आकडेकर यांना अनुमोदन, पण २०२०-२१ चं उदाहरण आलं की सगळे लगेच लिव्हरपूलवर जातात म्हणून आधीच लिहून ठेवतो.

हो, ॲनफिल्डवर लीगमधे ६८ मॅच न हरता काढल्या आणि २१ जानेवारी २०२१ ला बर्नलीने तो रेकॉर्ड मोडला, मग ब्रायटन, मँचेस्टर सिटी, एव्हर्टन, चेल्सी, फुलम, सलग सहा घरच्या मॅच हरले. रिकामं स्टेडियम म्हणून हरले असं जो तो म्हणतो. पण त्याच ६८ मधल्या कितीतरी मॅच रिकाम्या ॲनफिल्डवरच झाल्या होत्या! जून २०२० मधे पॅलेसला ४-०, जुलैत चेल्सीला ५-३, नोव्हेंबरात लेस्टरला ३-०. तेव्हा कुठे होतं पब्लिक? बदललं काय तर व्हॅन डाइक ऑक्टोबरमधे दुखापतीने गेला, गोमेझ नोव्हेंबरमधे गेला, माटिप जानेवारीच्या शेवटी गेला, फॅबिन्यो आणि हेंडरसनला मागे खेळावं लागलं म्हणून मिडफिल्ड उघडं पडलं. तिन्ही मुख्य सेंटरबॅक गेल्यावर कितीही ओरडलात तरी काय उपयोग.

फॅन म्हणून आपल्याला आपलं महत्त्व वाटतं ते ठीक, मला पण वाटतं, पण मॅच शेवटी अकरा प्लेयर आणि त्यांची तब्येत यावर ठरते.

साइडलाइन
विंगर, दुखापतींचा मुद्दा मान्यच आहे, पण बर्नलीसारख्या मॅचमधे शेवटच्या वीस मिनिटांत जो रेटा लागतो तो आवाजातून येतो की नाही? ती मॅच मी पूर्ण पाहिली, गोल पडल्यावर लिव्हरपूलची घाई दिसत होती पण बर्नली जराही घाबरलेली दिसत नव्हती. भरलेल्या ॲनफिल्डवर पाहुणी टीम तेव्हा बॉल कुठेही भिरकावते, तेच होत नव्हतं.

बॅकपास
मी गोलकीपर म्हणून खेळलोय, अगदी खालच्या लेव्हलला, काठावर दोन-चारशे लोक असायचे फारतर. तरी सांगतो, मैदानातून आवाज कसा लागतो ते स्टँडमधल्या माणसाला कळत नाही.

गाणी, ढोल, नावाचा जयघोष हे सगळं मागे चालू असतं, दहा मिनिटांनी ते ऐकू येईनासं होतं. जे ऐकू येतं ते वेगळंच. सेंटरबॅककडे बॉल आहे, समोर पास नाही, तो माझ्याकडे बॅकपास देतो, अगदी बरोबर निर्णय, आणि सगळ्या स्टँडमधून एक ‘ऑऽऽह’ असा त्रासलेला सूर येतो. शिवी नाही, शिट्टी नाही, नुसता सुस्कारा. तो थेट आत जातो. मी दुसऱ्या बाजूला बॉल देतो, तिथेही पुढे जागा नाही, परत माझ्याकडे, आता सूर मोठा. आणि तिसऱ्यांदा तोच सेंटरबॅक मान वर न करता बॉल लांब मारतो, पब्लिक टाळ्या वाजवतं, आणि बॉल त्यांच्या डिफेंडरच्या डोक्यावर. पुढचे दोन मिनिट आम्ही बॉलच्या मागे धावतोय.

कोचने आठवडाभर शिकवलेलं त्या एका सुरात वाहून जातं. प्लेयर भित्रा असतो म्हणून नाही, त्याला लोकांना नाराज करायचं नसतं म्हणून. साइडलाइन म्हणतात तो अपेक्षांचा परिणाम माझ्या दृष्टीने हा आहे. फायनलला वगैरे नाही, साध्या मॅचच्या पंचविसाव्या मिनिटाला ०-० असताना. घरच्या टीमने आत्तापर्यंत गोल मारायला हवा होता असं सगळ्यांनी ठरवलेलं असतं आणि तो घड्याळाचा हिशोब प्लेयरच्या पायात उतरतो.

फुलटाइम
बॅकपास, चांगलं लिहिलंत पण मग आम्ही काय करायचं? तिकीट काढून, वेळ काढून, कुठून कुठून प्रवास करून जायचं आणि समोर जिवावर आल्यासारखे खेळत असले तरी टाळ्याच वाजवायच्या? फॅनला राग व्यक्त करायचा हक्क आहे. सीझनचे ३८ आठवडे जो माणूस टीमसाठी जीव टाकतो त्याने एक शिट्टी वाजवली तर लगेच तो गद्दार होतो का?

मला तर वाटतं अपेक्षा ठेवणं हाच पाठिंबा आहे. ज्या दिवशी लोक रागवायचं थांबतील त्या दिवशी क्लब संपला समजा. मिडटेबलला समाधान मानणारे फॅन असले की मालकही निवांत होतो, खर्च कशाला करेल मग?

बॅकपास
फुलटाइम, हक्काबद्दल वाद नाहीच. शिट्ट्या वाजवा, पण शेवटच्या शिट्टीनंतर, किंवा हाफटाइमला. बॉल खेळात असताना स्वतःच्या राइटबॅकवर हूटिंग करून तो सुधारतो असं एक तरी उदाहरण आहे का?

जुना स्टँड
अपेक्षांबद्दल बोलायचं आणि माराकानाचं नाव नाही असं कसं. १६ जुलै १९५०, रिओचं माराकाना स्टेडियम, वर्ल्ड कपची निर्णायक मॅच, ब्राझील विरुद्ध उरुग्वे. अधिकृत तिकिटं पावणेदोन लाखांच्या घरात, आत प्रत्यक्षात दोन लाख असतील असं म्हणतात. ब्राझीलला ड्रॉ सुद्धा पुरत होता. मॅचआधीच पेपरांत चॅम्पियन म्हणून फोटो छापून झालेले. सेकंड हाफ सुरू होताच फ्रियासाने गोल मारला, १-०, आणि आता बघा, इथे माझ्या मते फुटबॉलमधली सगळ्यात हुशार गोष्ट घडली.

उरुग्वेचा कॅप्टन ओब्दुलियो व्हारेला जाळीतून बॉल काढतो, काखेत धरतो, आणि सावकाश चालत जाऊन इंग्लिश रेफरीशी ऑफसाइडवरून वाद घालत बसतो. त्याला माहीत आहे गोल रद्द होणार नाही. भाषा पण एकमेकांना कळत नाही. त्याला फक्त वेळ हवाय, दोन लाख लोकांचा जल्लोष ओसरेपर्यंतचा. लोक चिडले, हूटिंग करू लागले, म्हणजे आनंदाचा सूर रागात बदलला, आणि मग त्याने बॉल सेंटरला ठेवला. ६६व्या मिनिटाला स्कियाफिनो, ७९व्याला गिज्जिया, २-१.

व्हारेलाला कळलं होतं की तो ब्राझीलच्या अकरा जणांशी खेळतच नाहीये. पब्लिक थांबलं की टीम थांबणार हे त्याने ओळखलं होतं. पहिल्या गोलनंतर माराकाना गात होतं, १-१ झाल्यावर चिडीचूप, खरं तर १-१ ला सुद्धा ब्राझीलच चॅम्पियन होत होता! पण लोक घाबरले आणि ती भीती मैदानात उतरली.

आणि मग सगळं खापर गोलकीपर बार्बोसावर. २००० साली वारेपर्यंत तो माणूस त्या एका गोलचा हिशोब देत राहिला. पांढरी जर्सी अपशकुनी म्हणून सोडून दिली आणि पिवळी आणली, पण बार्बोसाला माफ केलं नाही. मला या खेळातली सर्वात क्रूर गोष्ट हीच वाटते.

आकडेकर
जुना स्टँड, मस्त. २०१४ चंही जोडतो. ८ जुलै, बेलो होरिझोन्ते, वर्ल्ड कप सेमीफायनल, ब्राझील जर्मनीकडून १-७. त्याआधी ब्राझील घरच्या मैदानावर अधिकृत स्पर्धेची मॅच १९७५ नंतर हरलाच नव्हता, आणि ती १९७५ ची हार पण याच मैदानावर. नेमार जखमी, थियागो सिल्वा सस्पेंड, राष्ट्रगीताला नेमारची जर्सी हातात धरलेली, प्लेयर आधीपासूनच रडवेले. चिलीविरुद्धच्या शूटआउटला तर सिल्वा बॉलवर बसून रडत होता, कॅप्टन होता तो. २९ मिनिटांत पाच गोल खाल्ले. तो काही टॅक्टिकल पराभव नव्हता, त्यांना पुढचा पास कुठे द्यायचा हेच सुचत नव्हतं.

यजमान म्हणून पुरुषांचा वर्ल्ड कप जिंकणारे सहाच, उरुग्वे १९३०, इटली १९३४, इंग्लंड १९६६, पश्चिम जर्मनी १९७४, अर्जेंटिना १९७८, फ्रान्स १९९८. त्यानंतर कोणी नाही. युरोच्या फायनलमधे २००४ ला पोर्तुगाल लिस्बनमधे ग्रीसकडून हरला, २०१६ ला फ्रान्स पॅरिसमधे पोर्तुगालकडून.

मधली फळी
मी इथे फारसं लिहीत नाही पण आज राहवेना. घरची फायनल म्हणजे हारच असं चित्र उभं राहतंय वर, ते अर्धवट आहे.

११ जुलै २०२१, वेम्बली, इंग्लंडचे पुरुष युरो फायनल इटलीकडून पेनल्टीवर हरले. ३१ जुलै २०२२, तेच वेम्बली, इंग्लंडच्या बायका जर्मनीविरुद्ध युरो फायनल खेळल्या, ८७,१९२ प्रेक्षक, जर्मनीने बरोबरी केली, एक्स्ट्रा टाइममधे ११०व्या मिनिटाला क्लोई केलीने गोल मारला आणि २-१ जिंकल्या. मैदान तेच, प्रेक्षक आधीपेक्षा जास्त. आणि अपेक्षा नव्हत्या असं कोणी म्हणू नका, इंग्लंडच्या सीनियर टीमने १९६६ नंतर कुठलीच मोठी स्पर्धा जिंकलेली नव्हती आणि ते सगळं ओझं या मुलींच्या डोक्यावर होतं.

मग फरक कुठे? मला वाटतं वातावरणात. २०२१ ला फायनलच्या दिवशी बिनतिकिटाची माणसं गेट तोडून आत घुसली, स्टेडियमबाहेर मारामाऱ्या. २०२२ ला स्टँडमधे घरंच्या घरं होती, लहान मुली होत्या, आणि चूक झाली तरी चालेल, तुम्ही आमच्याच असं ते पब्लिक होतं. हे मोजता येणार नाही आकडेकर, पण मॅच बघताना जाणवत होतं.

आणि २०२१ नंतर त्या फायनलला पेनल्टी चुकलेल्या रॅशफर्ड, सँचो, साका यांच्या बाबतीत जे झालं, एकोणीस वर्षांचा साका, वंशावरून शिव्या, त्याला मी अपेक्षा म्हणणारच नाही. १९९४ ला वर्ल्ड कपमधे कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारचा अमेरिकेविरुद्ध ओन गोल झाला आणि दहा दिवसांनी मेडेयीनमधे त्याला गोळ्या घातल्या. हे आठवलं की फॅनला राग व्यक्त करायचा हक्क आहे हे वाक्य मला फार जपून वापरावंसं वाटतं.

फुलटाइम
मधली फळी, ताई, ते दोन्ही प्रकार कोणीच समर्थनीय म्हणणार नाही, मी तर नाहीच. माझा मुद्दा स्टेडियममधल्या साध्या नाराजीचा होता.

डावा विंगर
नाराजीपेक्षा भयंकर एक प्रकार आहे, स्वतःची टीम हरावी असं वाटणं. १४ मे २०२४, टॉटनहॅम विरुद्ध सिटी. टॉटनहॅम जिंकले तर त्यांना चॅम्पियन्स लीगची आशा राहणार होती, पण लीग त्यांच्या कट्टर शत्रूला, आर्सेनलला मिळण्याची शक्यता वाढणार होती. स्टेडियममधले काही घरचे फॅन सिटीच्या गोलवर खूश! स्कोअर ०-१ असताना सोन एकटा गोलकीपर समोर, ऑर्टेगाने पायाने अडवला, आणि तिथे सुटकेचा श्वास घेणारे टॉटनहॅमचेच लोक होते. ०-२ हरले. त्यांचा तेव्हाचा कोच पोस्टेकोग्लू मॅचनंतर उघड चिडला होता आणि मला त्याचं शंभर टक्के पटलं.

मी दुखापतीच जास्त महत्त्वाच्या असं म्हणणारा माणूस, पण त्या दिवशी मात्र पब्लिकचा परिणाम झालाच असेल असं मलाही वाटलं. आपलेच लोक आपण हरावं म्हणून बसलेत हे कळल्यावर शेवटच्या पाच मिनिटांत जीव तोडून कोण पळेल?

साइडलाइन
विंगर, बरोब्बर हेच. म्हणजे आवाज असून नसून, प्लेयरला पाठीशी कोण आहे ते कळतं.

अपेक्षा किती झपाट्याने फुगतात त्याचं माझ्या मते सर्वात वाईट उदाहरण लेस्टर. २०१५-१६ ला सीझनच्या सुरुवातीला टार्गेट काय, ४० पॉइंट, खाली जायचं नाही. सट्ट्याचा भाव ५००० ला १. जिंकले लीग. आणि २३ फेब्रुवारी २०१७ ला कोच रानिएरीला काढलं, नऊ महिन्यांत! त्यांच्या फॅनपैकी बऱ्याच जणांच्या तरी डोळ्यांत पाणी आलं, निर्णय क्लबचा होता हे खरं, पण वर्षापूर्वी जे स्वप्नातही नव्हतं ते एकदा मिळाल्यावर सतरावा नंबर कोणालाच सहन होईना.

उलट डॉर्टमुंडचंच बघा, २०२३ ला लीग हातातून गेली, कोच टेर्झिच दक्षिण स्टँडसमोर उभा राहून रडत होता आणि स्टँड गात होता. पुढच्या सीझनला लीगमधे पाचवे आले, कोणाला काही आशा नव्हती, आणि चॅम्पियन्स लीगमधे पीएसजीला घरी १-० आणि पॅरिसमधे १-० हरवून फायनलला पोचले. फायनल रियाल माद्रिदकडून हरले ती गोष्ट वेगळी.

जुना स्टँड
डॉर्टमुंडचा विषय निघालाच आहे तर फेब्रुवारी २०१५ विसरू नका, फुलटाइम यांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. घरी ऑग्सबर्गकडून ०-१, टेबलमधे शेवटचे, कोच क्लॉपचं तिथलं शेवटचं वर्ष. दक्षिण स्टँडने जोरात शिट्ट्या वाजवल्या. वाइडनफेलर आणि हुमेल्स पळून गेले नाहीत, स्टँडसमोरच्या कुंपणावर चढले आणि लोकांशी बोलत राहिले, समोरासमोर, फॅन हातवारे करून सुनावतायत आणि हे ऐकतायत. त्यानंतर सलग चार मॅच जिंकले, फ्रायबुर्ग, माइन्झ, श्टुटगार्ट, आणि शाल्केला ३-०. सीझन संपला तेव्हा सातवे.

राग होता, पण मॅच संपल्यावर होता आणि तोंडावर होता. पुढच्या मॅचला तोच स्टँड परत भरला.

युनियन बर्लिनच्या फॅनचा तर अलिखित नियमच आहे, स्वतःच्या प्लेयरवर शिट्टी नाही आणि शेवटच्या शिट्टीआधी कोणी निघत नाही. ते स्टेडियम २००८-०९ ला फॅननी स्वतः राबून नव्याने उभारलंय, दोन हजारांवर माणसं, पगाराशिवाय. २०१९ ला पहिल्यांदा बुंडेसलिगात आले, चार वर्षांत चॅम्पियन्स लीग खेळले. मी असं म्हणत नाही की शिट्टी न वाजवल्यामुळे झालं. पण तिथे नवीन आलेला साधा प्लेयर एकदम चांगला खेळायला लागायचा हे बऱ्याचदा दिसलंय.

आकडेकर
एक सावधगिरी. घरच्या मैदानाचा फायदा म्हणजे फक्त पब्लिक नव्हे. बोलिव्हिया तेव्हा ला पाझला खेळायची, ३६०० मीटर उंची, १ एप्रिल २००९ ला मेस्सीच्या अर्जेंटिनाला ६-१ मारलं, कोच मॅराडोना. तिथे पाहुण्यांना धापच लागते, गाणी कोणती चालली होती त्याने फरक पडत नाही. घरच्या मॅचआधी प्लेयरच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन जास्त असतं असंही २००३ च्या एका अभ्यासात दिसलं होतं, आपली जागा राखायची ही भावना, ती पब्लिक आत यायच्याही आधीची.

नवा भिडू
सगळं वाचून काढलं, खूप भारी धागा. भारताच्या सुनील छेत्रीचं कोणीच कसं लिहिलं नाही? १ जून २०१८, चायनीज तैपेईला ५-० मारलं, छेत्रीची हॅटट्रिक, आणि बघायला २,५६९ लोक. दुसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओ टाकला की शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियममधे येऊन करा. ४ जूनच्या केनिया मॅचची सगळी तिकिटं गेली, पावसात ३-० जिंकले, त्याची शंभरावी मॅच होती. म्हणजे प्लेयरला शिव्या पण चालतात, रिकाम्या खुर्च्या चालत नाहीत असं मला त्यातून वाटलं.

बॅकपास दादा तुम्हाला विचारायचं होतं, समजा आपली टीम ०-१ मागे आहे, ८० मिनिटं झालीत, तेव्हा स्टँडमधल्या माणसाने नक्की काय केलं तर तुम्हाला आत उपयोग होतो? की काहीच नाही?

बॅकपास
भिडू, होतो ना. सांगतो मला जे उपयोगी पडायचं ते.

बॉल समोरच्या टीमकडे असताना ओरडा, जितकं जमेल तितकं. त्यांच्या डिफेंडरला मागून माणूस येतोय का हे त्याचा साथीदार ओरडून सांगत असतो, ते त्याला ऐकूच येऊ द्यायचं नाही. प्रेस करताना (बॉल हिसकवायला धावून जाताना) आपल्या फॉरवर्डच्या पाठीवर तो आवाज पडतो आणि तो आणखी दहा पावलं पळतो, हे मी मागून बघितलंय. आपल्याला थ्रो-इन किंवा कॉर्नर मिळाला की लगेच आवाज, गोल मिळाल्यासारखा, त्याने रेफरीलाही वाटतं खेळ घरच्यांकडे झुकलाय, आकडेकर यांनी लिहिलंच आहे. आणि बॉल आपल्या सेंटरबॅककडे आला, त्याने मागे दिला, तर तो सुस्कारा गिळा. त्या वेळी सगळ्यात अवघड हेच असतं, कारण घड्याळ तुम्हालाही दिसत असतं. पण त्याला दोन सेकंद द्या, मान वर करू द्या, तो पास शोधतोय.

आणि कोणी सोपा चान्स घालवला तर लगेच त्याचं नाव घेऊन ओरडा, चांगल्या अर्थाने. चान्स घालवल्यावर फॉरवर्ड पहिलं स्टँडकडे बघतो. बहुतेक जण तिथे डोक्याला हात लावून बसलेले असतात आणि तो ते बघूनच मागे पळत येतो.

फुलटाइम
ठीक आहे बॅकपास, सुस्काऱ्याचं करून बघतो. शनिवारी आमची मॅच आहे, खालून दुसऱ्या नंबरची टीम येतेय, आणि आमच्या ग्रुपवर आत्तापासून ३-० चा अंदाज चाललाय.